भोकं असलेला केक

आमच्या घरी पाहुणा आला की आई पाणी द्यायच्या आधी त्याच्या हातातली पिशवी घ्यायची. पाहुण्याला वाटायचं, काय माया आहे! माया-बिया काही नव्हती. आई ती पिशवी घेऊन मागच्या दाराने थेट गोठ्यात जायची आणि खुंटीला लटकवून यायची. लेकरं असलेल्या घरी आमच्या भागात कोणी रिकाम्या हाताने जात नाही, बिस्किटाचा पुडा नेतातच. आणि माझ्या धाकट्या भावाच्या, ओम्याच्या, ओठाला बिस्किटाचा नुसता चुरा लागला तरी ओठ पावासारखे फुगायचे. त्यामुळे गोठ्यातल्या खुंटीला कायम पाच-सहा पुडे लोंबत असायचे, आणि आमच्या दोन जर्सी गाया अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सगळ्यात गोडखाऊ निघाल्या होत्या. पाहुणा आला की त्या हंबरायच्या.

ओम्याला पाच गोष्टी चालायच्या नाहीत. गहू, तांदूळ, दूध, अंडं आणि शेंगदाणा. कोणी विचारलं की तो हाताची पाच बोटं एकेक करून मिटायचा आणि शेवटी त्याची मूठ तयार व्हायची. ती मूठ तो समोरच्याच्या नाकापुढे धरायचा. सात वर्षांचं पोरगं, पण मुठीत दम होता. आई म्हणायची, "देवानं गोठाभर दूध दिलं आन ह्याला प्यायची सोय ठेवली न्हाई." दूध डेअरीला जायचं, अंडी शेजारी जायची, आणि घरात भात शिजायचा बंद झाला होता, कारण भाताची वाफ नाकात गेली तरी ओम्या खोकायचा. आमचे पप्पा म्हणजे जन्माचे भातखाऊ. कुठे लग्नाला गेले की दुसऱ्यांचे बाप मांडवामागे बाटली शोधतात, तसे आमचे पप्पा भाताचं पातेलं शोधायचे. घरी येताना तोंड धुऊन, मिशा पुसून, अंगणात बनियन बदलून आत यायचे. आई तरी ओळखायची. "किती वाढून घेतला?" पप्पा म्हणायचे, "लई नाय. चार घास."

मी शीतल. घरात मला तायडी म्हणतात आणि गावात 'नकलाकरीण'. डेअरीवरचा माप घेणारा, शाळेतले मुख्याध्यापक, पेठची आत्या, अंडं घालून झाल्यावरची कोंबडी, सगळ्यांचे आवाज माझ्या गळ्यात बसलेले. गॅदरिंगला मी स्टेजवर गेले की पहिल्या रांगेतले सर आपोआप सावरून बसायचे. आपला नंबर लागणार हे त्यांना माहीत असायचं. अभ्यासात मात्र आमचा उजेड बेताचाच. बारावी झाली, पुढे काय ते ठरत नव्हतं, आणि त्या मोकळ्या वर्षात मी घरात बसून सगळ्यांचं डोकं खात होते. ते एक वर्ष लिहून ठेवावं म्हणून ही बैठक. आता कोणी म्हणेल, आठवणी लिहायला आधी केस पांढरे व्हावे लागतात. माझे रोज संध्याकाळपर्यंत होतात. पिठाने.

ओम्याचा डबा हा आमच्या घरातला पाचवा माणूस होता. स्टीलचा, दोन कड्यांचा, झाकणावर खिळ्याने 'ओम' कोरलेला. लग्न असो, बारसं असो, जागरण-गोंधळ असो, डबा बरोबर. पंगत बसली की ओम्याच्या पुढ्यात पत्रावळ नाही, डबा. त्यात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, एखादं केळ. वाढपी आला की म्हणायचा, "आरं पोरा, घी की, बुंदी घी." ओम्या मूठ दाखवायचा. मग शेजारची बाई म्हणायची, "एका घासानं काय व्हतंय?" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या आवाजात ऐकलंय की त्याच्यावर माझा एक वेगळा कार्यक्रम होईल. पेठच्या आत्याने तर एकदा कहरच केला. देवापुढची पुरणपोळी मोडून ह्याच्या तोंडात घातली आणि म्हणाली, "परसादाला आलर्जी नसती." त्या दिवशी आम्ही पेठहून मंचरच्या दवाखान्यापर्यंत गाडी कशी आणली ते पप्पांनाही आठवत नाही. तेव्हाच तिथल्या डॉक्टर मॅडमनी आईला इंजेक्शन द्यायला शिकवलं आणि ते इंजेक्शन डब्याच्या पिशवीत कायमचं राहायला आलं.

वाढदिवसाला आता आमच्या गावातही केक कापतात. ओम्याच्या वाढदिवसाला आम्ही कलिंगड कापायचो. वर मेणबत्ती, चारी बाजूंनी द्राक्षं, लई भारी दिसायचं. दोन वर्षं तो खूश होता. सातव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि मला म्हणाला, "तायडे, ह्या वर्षी कलिंगड नको."

"मग? पपई आणू?"

"फळ नको. केक. भोकं असलेला."

"भोकं?"

"केक कापला ना, की आत बारीक बारीक भोकं असत्यात. मी लांबनं बघितल्यात. कलिंगडात नसत्यात. पोरं म्हणत्यात तुझ्या केकात बिया असत्यात."

मी हसले नाही. माझ्यासारखी पोरगी हसली नाही, यावरून समजा. त्याला चव माहीतच नव्हती, म्हणून त्याने चव मागितली नाही. त्याने जे लांबून बघितलं होतं तेवढंच मागितलं. मी तिथेच ठरवलं, भोकं पाडायची.

फोनवर बघायला बसले. बिनगव्हाचे केक ढीगभर. पण पहिल्या ओळीत 'गहू नाही' म्हणून छाती फुगवायचे आणि दुसऱ्या ओळीत 'दोन वाट्या तांदळाचं पीठ'. तांदूळ नसला तर तीन अंडी. अंडी नसली तर दूध, दही, लोणी. ही सगळी नसली तर शेंगदाण्याचा लगदा. पाचातलं एक टाळलं की दुसरं दारात उभं. ओम्याच्या मुठीत मावेल असा केक त्या अख्ख्या फोनात नव्हता. मग मी मूठ बाजूला ठेवली आणि ओम्याला काय चालतं ते वहीत लिहिलं. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, केळी, गूळ, नारळ, जवस, करडईचं तेल, लिंबू, खायचा सोडा. हे सगळं तो रोज खात होता आणि पचवत होता. ह्यातूनच काय ते उभं करायचं.

ज्वारी घरच्या मिक्सरला वाटली, केळी कुस्करली, गूळ, तेल, सोडा, लिंबू पिळलं. कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी काढून, आत डबा ठेवला. पाऊण तासाने जे निघालं ते बघून पप्पा म्हणाले, "शेणी थापल्या का काय?" मी लगेच टीव्हीवरच्या क्रिकेटवाल्याचा आवाज काढला, "और ये केक, दोस्तों, पिच से बिलकुल उछाल नहीं मिल रहा है!" ओम्या हसून लोळला. पण त्याने तुकडा मोडून आत बघितलं आणि म्हणाला, "भोकं न्हाईत." दुसरा मधे खचला. तिसरा डब्यातून काढताना भुगा झाला. चौथा मी गाईपुढे टाकला, तिने हुंगला आणि मान फिरवली. गोठ्यातली बिस्किटं खाऊन तिचे लाड झाले होते.

आई हे सगळं चुलीपाशी बसून बघत होती. पाचव्या वेळी मात्र तिने माझ्या हातातलं पातेलं ओढून घेतलं. "पिठाला विरी न्हाई तुझ्या. नुसतं कालवून धरंल का ते? जुन्या ज्वारीची भाकर थापता येती का? फाटती. मग काय करती मी?"

"आधण घालतीस."

"मग घाल की. आरध्या पिठावर उकळतं पाणी वत, उकड काढ. आन जवस भिजव, चिकट व्हतो चांगला."

विरी म्हणजे पीठ एकमेकाला धरून राहण्याची ताकद. गव्हात ती उपजत असते. ज्वारीत बायका ती आधणाच्या पाण्याने आणतात. हे माझ्या आईला, तिच्या आईला, अख्ख्या गावातल्या बायकांना ठाऊक होतं. आणि मी तीन आठवडे फोनमध्ये डोकं घालून बसले होते. आज माझी स्वतःची केकची भट्टी आहे, तिथे कोणी शिकायला आलं की मी आधी भाकरी थापायला लावते. ज्याची भाकरी फाटते त्याचा केक बसतो.

उकड काढलेला केक फुगला. खरंच फुगला. पण खाताना दाताखाली कचकच, कारण मिक्सर ज्वारीचा रवा करत होता, पीठ नाही. बारीक व्हावं म्हणून मी मिक्सर तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा त्यातून निळा धूर आला आणि तो कायमचा गप्प झाला. वाढदिवस आठवड्यावर आला होता. आता गिरणीशिवाय गत्यंतर नव्हतं.

गिरणी किसननानांची. वेशीजवळ पत्र्याची शेड, आत पट्ट्याचा फटफट आवाज, आणि नाना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. त्यांच्या भुवयाही पिठाच्या. गावच्या गिरणीत बायका 'कशावर दळताय?' म्हणून विचारतात. म्हणजे आधी कोणाचं कसलं दळण झालंय, कारण दगडात मागचं पीठ राहतं आणि पुढच्यात उतरतं. दुसऱ्यांना तो चवीचा प्रश्न. आमच्या घराला तो जीवाचा. म्हणून ओम्याची भाकरी आई घरीच जात्यावर भरडून करायची. जाडी भरडी भाकरी चालते, केक चालत नाही.

मी जाऊन नानांना म्हणाले, "नाना, गिरणी साफ करून ज्वारी दळून द्याल? गव्हाचा कण नको. ओम्याला त्रास होतो."

नाना पट्ट्याच्या आवाजावर ओरडले, "काय त्रास?"

"सुजतो तो."

"आरं तिच्या! गव्हानं सुजतंय व्हय कुनी? आमी पिठातच जल्मलो, पिठातच मरणार. मी कुठं सुजलोय?" आणि पोटावर हात फिरवून हसले. रांगेतल्या बायकाही हसल्या. "जा, ठिव डबा. ज्वारीवर ज्वारी दळून दितो."

मी डबा उचलला आणि घरी आले. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा जास्त मला खुमखुमी आली होती. कारण नाना माझं ऐकत नव्हते, पण डॉक्टरचं कोण ऐकत नाही? मॅडमचा आवाज माझा हातखंडा होता. नाकातून, तोलून मापून, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "हे बघा". मी आईच्या फोनवरून नानांना फोन लावला. मागे आईचा आवाज नको म्हणून गोठ्यात उभी राहिले.

"हे बघा, किसनराव ना? मी डॉक्टर बोलतेय. तुमच्या गावच्या ओंकारच्या पिठाबद्दल."

पलीकडे गिरणी बंद झाल्याचा आवाज आला. नानांनी माझ्यासाठी, म्हणजे मॅडमसाठी, गिरणी बंद केली! "बोला बोला म्याडम."

मग काय, मी रंगले. "हे बघा, गहू अजिबात चालणार नाही. गिरणी नुसती पुसून भागणार नाही. दगड काढून, घासून, खालपासून स्वच्छ करायची. लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे."

"व्हय म्याडम. दगडाला नवी टाकीच लावतो. काळजी नका करू."

टाकी लावणं म्हणजे छिन्नीने दगडाचे दात नव्याने पाडणं. मला ते काय समजतंय. मला वाटलं, वा, किती नीट ऐकतायत! फोन ठेवला आणि गाईला टाळी दिली. पाचांपैकी गहू तेवढा मी ठणकावून सांगितला होता. बाकीची चार बोटं मिटायची राहून गेली होती. आवाज जमला होता ना, मग बाकी कशाला बघायचं.

त्याच संध्याकाळी ज्वारीचा डबा गिरणीत ठेवून आले आणि दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतः तो घरी आणून दिला. पीठ बघून मी वेडी झाले. चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखं. वाढदिवसाच्या आदल्या दुपारी केक केला, कुकरचं झाकण काढलं, सुरीने कापला. ओम्याने डोळा अगदी तुकड्याला लावला. "हायती!" तो ओरडला. "तायडे, भोकं हायती! एक, दोन, पाच, लई हायती!" त्याने मोजता मोजताच अर्धा तुकडा खाल्ला.

भोकं मोजण्याचं त्याचं सतराव्यावर थांबलं. तो कान खाजवायला लागला. मग मान. मग म्हणाला, "तायडे, गळ्यात कायतरी हाय." आईने हातातलं काम टाकलं, पिशवी ओढली, मांडीत इंजेक्शन दिलं. माझे दोन्ही हात पिठाचे, आणि मला ते कुठे ठेवावे कळेना. पप्पांनी पिकअप काढली. मंचरपर्यंत आई त्याच्याशी बोलत होती, तो मुठीने तिचा पदर धरून होता, आणि मी मागच्या हौद्यात रिकाम्या क्रेटमध्ये बसून एकही आवाज काढत नव्हते. ना माझा, ना कोणाचा.

तो वाचला. मॅडम म्हणाल्या, आईने वेळेत इंजेक्शन दिलं म्हणून. त्याचा आठव्या वर्षातला प्रवेश सलाइनच्या बाटलीखाली झाला. मॅडमनी मला बाहेर बोलावून केकात काय काय घातलं ते विचारलं. मी वही दाखवली. त्या म्हणाल्या, "हे बघा, ह्यातलं सगळं तो आधी खातोय. ह्यात नवीन काय आहे?" नवीन एकच होतं. गिरणी.

घरी आल्यावर आईने केकचा डबा, कुकरची रिंग, माझी वही, सगळं उचलून माळ्यावर टाकलं. "ह्या घरात परत केकाचं नाव काढायचं न्हाई." पप्पा मात्र चप्पल घालून निघाले. मला कळलं कुठे. मी मागे धावले.

गिरणीत चार बायका, दोन गडी होते. पप्पा दारातूनच ओरडले, "किसननाना, पोरगं मारायला निघालावता का माझं? एक गहू काढता आला नाय तुमाला?"

नानांनी पट्टा बंद केला. हवेतलं पीठ हळूहळू खाली बसायला लागलं. "कसं हाय पोरगं?"

"हाय. तुमच्या पुण्याईनं नव्हं."

"गव्हाचा कण नव्हता रं त्यात. आईची आण. दीस घालवला मी. दगड उतरवलं, नवी टाकी लावली. टाकीची कच पिठात जाऊ नये म्हणून वर पायलीभर तांदूळ काढलं. चांगलं घरचं, इंद्रायणी. लेकरासाठी म्हणून. मग तुझी ज्वारी घातली."

तांदूळ. पप्पांनी कपाळ धरलं. नव्या टाकीची कच, म्हणजे दगडाची बारीक रेती, काढायला तांदूळ दळतात, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. आणि तांदूळ चालत नाही हे मला माहीत होतं, नानांना नव्हतं.

"तांदूळ बी चालत नाय त्याला!" पप्पा म्हणाले.

"मला काय ठाव? म्याडमनी गव्हाचंच सांगितलं. मी इचारलं न्हाई ही माझी चूक." नाना बाकड्यावर बसले. पांढऱ्या चेहऱ्यावरून दोन ओघळ खाली आले. "उद्यापासनं गिरणी बंद. ह्या हातानं लेकराचा जीव..."

"कोण म्याडम?" पप्पा म्हणाले. "म्याडमनी कुठं फोन केला?"

आता बघा, मी तेव्हा गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. नानांवर आलं असतं, गावात चार दिवस चर्चा झाली असती आणि संपली असती. गिरणी बंद पडली असती. साध्या आवाजात सांगायला गेले तर शब्दच येईना. म्हणून ज्या आवाजात चूक केली त्याच आवाजात म्हणाले, "हे बघा, किसनराव ना? मी डॉक्टर बोलतेय."

रांगेतली एक बाई हसली आणि लगेच तिने तोंडाला पदर लावला. पप्पांनी हात उचलला. मला वाटलं आता बसतेय. पण नाना उठून मधे आले.

"तू व्हय ती?"

"व्हय नाना. गिरणी बंद नका करू. चूक माझी हाय. पाची सांगायचं राहिलं माझ्याकडनं."

"आगं, पण खोटं कशापायी बोललीस?"

"खरं सांगितलं तवा तुमी हसला."

ते ऐकून नानांची मान खाली गेली. मग त्यांनी फडक्याने तोंड पुसलं. तेव्हा मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा बिनपिठाचा बघितला. सावळा होता. ते म्हणाले, "पाची सांग आता."

मी मूठ मिटून सांगितलं. गहू, तांदूळ, दूध, अंडं, शेंगदाणा. नाना बोटांवर मोजत होते. मोजता मोजता थांबले. "गहू नाय. तांदूळ नाय. पोरी, हा तर उपास झाला की."

"म्हणजे?"

"एकादशीच्या आदल्या दिशी गिरणी धुऊन काढतो का नाय मी? गव्हाचा कण नसतो, तांदळाचा नसतो. तांदूळ उपासाला चालतोच कुठं? तवा कच काढायला, दगड धुवायला आमी भगर घालतो. म्हाताऱ्या बाया डोळ्यात त्याल घालून बघत्यात. एक गहू सापडला तर माझी सात पिढी उद्धारत्यात. मग दिसभर राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, भगर." त्यांनी रांगेकडे हात केला. "देवासाठी पाळत्यात समदी. ह्या पोरासाठी येगळं काय पाळायचंय?"

रांगेतली बाई म्हणाली, "पण नाना, उपासाच्या दळणात ज्वारी घालाल तर आमचा उपास मोडंल."

"तुमची दळणं आधी. हिची शेवटाला. तिच्या मागं कुणी न्हाई." मग माझ्याकडे वळून, "पण फोन करायचा न्हाई. सोता यायचं. आन उभं राहून बघायचं."

आई ऐकायला तयार नव्हती. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेवटी ओम्यानेच माळ्यावर बोट दाखवलं. "सतरापोतर मोजली व्हती मी. पुढची राह्यली." आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डॉक्टर व्हय म्हणल्या तरच."

मी मॅडमकडे गेले, सगळं सांगितलं, फोनचंही. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "हे बघा, माझ्या आवाजात बोलायचं तर माझ्यासारखं पूर्ण बोलावं. मी पाचही सांगते. अर्धं सांगणाऱ्याला नक्कलसुद्धा जमत नाही." आजवर माझ्या कलेवर झालेली ही सगळ्यात खरी टीका. मग त्यांनी भगरीपासून राजगिऱ्यापर्यंत सगळं तपासून घेतलं, आणि अट घातली की पहिला घास दवाखान्यात, त्यांच्यासमोर.

दशमीला मी दुपारपासून गिरणीत उभी होते. भगर दगडातून गेली, राजगिरा गेला, शिंगाड्याचा गोड वास शेडभर झाला. म्हाताऱ्या बायका आपापलं पीठ चिमटीत घेऊन बघत होत्या आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त बारकाईने बघत होते. एक आजी म्हणाली, "तुजा बी उपास का गं?" मी म्हटलं, "भावाचा." दिवेलागणीला शेवटचा डबा माझा. नानांनी ज्वारी घालण्याआधी हात धुतले, नवं फडकं बांधलं, आणि वर टांगलेल्या देवाच्या तसबिरीला हात जोडले. मीही जोडले.

एकादशीला सकाळी दवाखान्यात ओम्याने करंगळीच्या नखाएवढा तुकडा खाल्ला. आम्ही सगळे त्याच्या कानाकडे बघत बसलो. तो कंटाळून म्हणाला, "माझ्या तोंडाकडं बघा की, कानानं खातोय व्हय मी?" अर्ध्या तासाने थोडा मोठा. मग अजून मोठा. दुपारपर्यंत मॅडमनी अर्धा केक त्यालाच खाऊ घातला आणि एक तुकडा स्वतः घेतला. "गूळ जरा कमी," म्हणाल्या. तो सल्ला मी आजही पाळत नाही.

संध्याकाळी अंगणात दुसरा केक कापला. शाळेतली पोरं आली होती, शेजारपाजार आला होता, पेठची आत्याही आली होती आणि तिची पिशवी आईने खुंटीला नेली होती. ओम्याने आधी भोकं मोजायला घेतली, पण पोरं ओरडायला लागली म्हणून सोडून दिली. मग तो स्वतः ताट घेऊन वाढायला निघाला. कोणालाही सोडेना. "घ्या की. आवो, घ्या, एका तुकड्यानं काय व्हतंय?" पेठच्या आत्याचा आवाज त्याने इतका अचूक काढला की आत्याच आधी हसली. घराण्यात दुसरा कलाकार तयार झाला होता.

ताट घेऊन तो किसननानांपुढे उभा राहिला. नाना धुतलेला सदरा घालून, भिंतीला टेकून बसले होते.

"घ्या नाना."

"नगं बाळा."

"घ्या की. तुमच्याच गिरणीचा हाय."

"आरं, एकादस हाय माझी. ज्वारी न्हाई चालत आज."

ओम्याचा हात तसाच राहिला. त्याने नानांकडे नीट बघितलं. सगळं अंगण खातंय आणि एक माणूस रिकाम्या हाताने बसलाय, आणि तो माणूस आपण नाही, हे त्याने पहिल्यांदाच बघितलं असावं. तो ताट खाली ठेवून घरात पळाला. परत आला तेव्हा हातात त्याचा डबा होता, 'ओम' कोरलेला. त्याने दोन्ही कड्या उघडल्या. आत दोन राजगिऱ्याच्या वड्या आणि एक केळ.

"ह्यातलं चालतं तुमाला," तो म्हणाला, आणि मांडी घालून नानांच्या शेजारी बसला. "डबा सोबत असावा नाना. मी कायम आणतो."